नवा प्लग लावला तरी पुन्हा तापतो, पिन पुन्हा काळी पडते: तपासत कुठून जायचं

तक्रार बहुतेक वेळा एकाच सुरात येते: "प्लग बदलला, काही दिवस ठीक चाललं, आता परत जळला." उपकरण हीटर असो, इस्त्री असो, किटली असो की एअर कंडिशनर, म्हणजे जास्त करंट ओढणारं आणि बराच वेळ चालणारं. हा सैल जोडाचा दोष इतक्या वेळा दुरुस्त केलाय की आता मी आधी प्लगकडे बघतच नाही, सॉकेटकडे बघतो. का ते पुढे येईलच.

लक्षणं

यातली दोन जरी जुळली तरी दोष हाच, असं समजून पुढे जा.

- उपकरण दहा-पंधरा मिनिटं चाललं की प्लग गरम लागतो, वायर मात्र जेमतेम कोमट.
- सगळ्या पिनांपैकी एकच पिन तपकिरी किंवा निळसर काळी झालेली.
- सॉकेटच्या एका भोकाभोवतीचं प्लॅस्टिक पिवळं पडलंय, फुगलंय किंवा ओघळलंय.
- प्लग सैल बसतो, स्वतःच्या वजनानं झुकतो, हलवला की उपकरण बंद-चालू होतं.
- बारीक चरचर ऐकू येते.
- जळक्या प्लॅस्टिकचा वास येतो, किंवा घरात मासळी नसताना मासळीसारखा. स्विच-सॉकेटची काही प्लॅस्टिकं तापली की असाच वास सोडतात.
- आणि एवढं सगळं होऊनही एमसीबी (करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप बंद होणारा स्विच) एकदाही पडत नाही.

शेवटचं लक्षण लोकांना सर्वात जास्त फसवतं. "काही गंभीर असतं तर एमसीबी पडला नसता का?" असं विचारतात. नसता पडला. एमसीबीला फक्त करंट किती वाहतोय एवढंच कळतं. सैल जोड म्हणजे वाटेत आलेला जास्तीचा रोध, करंटला होणारा अडथळा. त्यानं करंट वाढत नाही, उलट किंचित कमीच होतो. एमसीबीच्या दृष्टीनं सगळं आलबेल.

पण उष्णतेचा हिशेब वेगळा आहे. जूल यांनी १८४१ मध्ये मांडलेल्या नियमानुसार, तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाला रोधानं गुणून येते. रोध ओहममध्ये मोजतात. चांगल्या जोडाचा रोध ओहमच्या हजाराव्या भागाएवढा धरा. १० अँपिअर वाहिले तर तिथे ०.१ वॅट उष्णता. कुणाच्या लक्षातही येणार नाही. तोच जोड बिघडून पाव ओहम झाला की त्याच १० अँपिअरला २५ वॅट. लहान सोल्डरिंग आयर्न एवढ्याच वॅटचं असतं, म्हणजे तुमच्या सॉकेटच्या आत एक सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखं झालं. आणि त्याच सॉकेटवर मोबाइलचा चार्जर लावला तर करंट इतका कमी की काहीच जाणवत नाही. म्हणून "चार्जर तर नीट चालतो की" हा सॉकेट चांगला असल्याचा पुरावा होत नाही.

आत काय चाललेलं असतं

हा भाग वगळून थेट तपासणीकडे गेलात तरी चालेल, पण मग "पिन घासून परत लावतो" हा मोह सुटणार नाही.

तांब्यातले अणू आपापल्या जागी सतत थरथरत असतात, सेकंदाला लाखो कोटी वेळा. त्यांच्यामधून वाट काढणारे इलेक्ट्रॉन धडकतात आणि आपली ऊर्जा त्यांना देतात. थरथर वाढते. ही वाढलेली थरथर म्हणजेच तापमानाची वाढ. थरथरणाऱ्या अणूंमधून इलेक्ट्रॉनला जाणं आणखी अवघड होतं, म्हणून तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.३९ टक्क्यानं वाढतो. जोड १०० अंशांनी तापला तर नुसत्या तांब्याचाच रोध जवळपास ४० टक्के वाढलेला. पण खरा गोंधळ इथे नसतो, तो दोन धातू जिथे भिडतात तिथे असतो. पिन आणि सॉकेटमधली पितळी पत्ती आपल्याला सपाट टेकलेली दिसते. प्रत्यक्षात दोन्ही पृष्ठभाग खडबडीत असतात आणि धातू धातूला भिडतो तो मोजक्या ठिपक्यांवर. सगळा करंट त्या ठिपक्यांतून दाटीवाटीनं जातो. पत्तीचा दाब जितका चांगला तितके ठिपके जास्त आणि मोठे. दाब कमी झाला की ठिपके कमी, रोध जास्त, उष्णता जास्त. आणि उष्णता काय करते, तर दाब आणखी कमी करते. हे चक्र एकदा सुरू झालं की स्वतःहून थांबत नाही.

१. हात आणि नाक

खर्च शून्य. उपकरण पंधरा-वीस मिनिटं चालवा. मग आधी उपकरण बंद करा, स्विच बंद करा, कोरड्या हातानं प्लग ओढा. पिनांना बोट लावू नका, भाजेल. हाताची पाठ जवळ न्या: आधी पिनांजवळ, मग प्लगच्या अंगावर, मग वायरच्या लांबीवर, मग उपकरणाच्या टोकाला. उष्णता सर्वात जास्त कुठे आहे?

ही तपासणी इतकी महत्त्वाची का? एका सर्किटमध्ये सगळीकडे करंट सारखाच असतो. म्हणजे जिथे जास्त गरम, तिथे जास्त रोध. उष्णता तुम्हाला बोट धरून दोषापाशी नेते. पूर्ण वायर सारखी गरम असेल तर वायर बारीक आहे किंवा लोड जास्त आहे. वायर गुंडाळी करून ठेवलेली असेल तरी ती तापते, कारण उष्णतेला बाहेर पडायला वाव नसतो. आधी गुंडाळी सोडा. फक्त पिनेकडची बाजू गरम असेल तर दोष सॉकेटच्या पकडीत. प्लगचं मागचं अंग, वायर शिरते तिथे गरम असेल तर प्लगच्या आतला स्क्रू.

प्लॅस्टिक मऊ लागत असेल, धूर असेल किंवा प्लग अडकून बसला असेल तर ओढत बसू नका. मेन बंद करा आणि थेट शेवटून दुसऱ्या भागाकडे जा.

२. लोडचा हिशेब

उपकरणावर लिहिलेले वॅट भागिले तुमच्याकडचे व्होल्ट, की अँपिअर मिळतात. सॉकेटवर, एक्स्टेंशन बोर्डवर आणि बोर्डच्या वायरवर छापलेल्या अँपिअरशी ते जुळवून बघा. सर्वात लहान आकडा कुणाचा, तीच तुमची मर्यादा. हीटर एक्स्टेंशनवर असेल तर मी पुढची तपासणी करतच नाही, आधी तो भिंतीतल्या योग्य सॉकेटवर लावायला सांगतो. निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. ॲडाप्टर म्हणजे तर जोडावर आणखी एक जोड.

करंटचा वर्ग होतो हे विसरू नका. करंट दुप्पट झाला की जोडावरची उष्णता चौपट.

३. अदलाबदल, पण जपून

तेच उपकरण दुसऱ्या चांगल्या सॉकेटवर लावून बघणं हा सोपा उपाय आहे, एका अटीवर: पिना स्वच्छ आणि चकचकीत हव्यात. काळी, खड्डे पडलेली पिन चांगल्या सॉकेटमध्ये घालू नका. तिच्यावरच्या थरामुळे तिथेही जोड तापेल, आणि तापलेली चांगली पत्ती कायमची ढिली होईल. दोष असा एका सॉकेटमधून दुसऱ्यात पसरतो. एकाच घरात तीन-तीन सॉकेट याच एका प्लगनं खाल्लेले मी पाहिलेत.

उलटही तितकंच खरं: जळलेल्या सॉकेटमध्ये नवाकोरा प्लग घातला की प्लग जातो. "प्लग बदलला तरी परत जळला" याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं. दोन भिडणाऱ्या पृष्ठभागांपैकी एक जळला असेल तर दुसराही तेवढाच तापलेला आहे. बदलायचे तर दोन्ही.

४. पिनेचा रंग

प्लग बाहेर, उजेडात धरा. फिकट तपकिरी छटा म्हणजे ऑक्सिडेशन सुरू झालंय. निळसर काळी पिन म्हणजे ती बरीच तापून गेलीय. टोकावर बारीक खड्डे आणि मणी दिसले तर ठिणग्या उडाल्यात. ठिणगीत हवा काही हजार अंशांपर्यंत तापते, आणि पिनेच्या पितळेतला मुख्य धातू असलेलं तांबं १०८५ अंशांना वितळतं. त्यामुळे धातूचे इवले थेंब उडतात आणि खड्डे राहतात. उपकरण चालू असतानाच प्लग ओढायची सवय असेल तर हे खड्डे तुम्ही स्वतः पाडताय.

तांब्याचे अणू आणि हवेतला ऑक्सिजन नेहमीच्या तापमानाला फारच सावकाश जुळतात. तापमान वाढलं की पुरेशी ऊर्जा असलेले अणू झपाट्यानं वाढतात आणि प्रक्रिया वेग घेते. अऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये हा संबंध सूत्रात बसवला. पुष्कळ रासायनिक प्रक्रियांना लागू पडणारा ढोबळ ठोकताळा असा की दर १० अंशांना वेग दुप्पट. या हिशेबानं ३० अंशांवरचा जोड ९० वर गेला की गंजण्याचा वेग साठ पटींच्या वर जातो. म्हणून पहिले काही महिने काहीच न दिसणारा दोष एकदा दिसायला लागला की आठवड्याभरात पिन काळी करतो.

त्यात तांब्याचं लाल ऑक्साइड मोठं विचित्र. धातू तापला की रोध वाढतो, पण हे ऑक्साइड अर्धवाहक आहे, तापलं की त्याचा रोध घटतो. त्यामुळे थरातला जो बिंदू आधी जास्त तापतो तिकडेच करंट धावतो, तो आणखी तापतो, आणि कधीकधी तिथे लालभडक ठिणगीएवढा ठिपका तासन् तास धगधगत राहतो. आवाज नाही, शॉर्ट नाही, एमसीबी शांत.

पिन घासून परत वापरावी का? माझं मत स्पष्ट आहे: नको. पॉलिश पेपरनं काळा थर जातो, त्याबरोबर पिनेवरचा मुलामाही जातो, खड्डे राहतात आणि उघडं पडलेलं पितळ आधीपेक्षा लवकर काळं पडतं. त्यातून मिळतात ते चार दिवस.

५. पकड

स्विच बंद ठेवून प्लग आत-बाहेर करून बघा. चांगला सॉकेट पिनेला घट्ट धरतो, काढताना जोर लागतो. ढिला सॉकेट काहीच विरोध करत नाही. त्याच बोर्डातल्या फारशा न वापरलेल्या सॉकेटशी तुलना करा, फरक लगेच कळेल.

पत्ती ढिली का होते हे समजलं की तिला वाकवून घट्ट करण्याचा नाद सुटतो. पत्तीत पिन शिरते तेव्हा तिचे अणू एकमेकांपासून किंचित ताणले जातात आणि मूळ जागी यायचा जोर लावतात. हाच जोर म्हणजे पकड. पत्ती थंड असेपर्यंत वर्षानुवर्षं हे टिकतं. पण पितळ दीर्घकाळ १०० अंशांच्या आसपास किंवा वर राहिलं तर अणूंना जागा बदलण्याएवढी ऊर्जा मिळते. ताणाखालचे अणू हळूहळू सरकून नव्या जागी स्थिरावतात. पत्तीचा आकार तोच दिसतो, पण परत येण्याचा जोर गेलेला असतो, आणि थंड झाल्यावर तो परत येत नाही. अशी पत्ती पक्कडीनं दाबली तर दोन दिवस घट्ट वाटेल, पुन्हा तापली की पुन्हा सैल. पिनेला फट असेल तर सुरी घालून ती फाकवणं हाही तसलाच प्रकार, शिवाय फाकवलेली पिन सॉकेटची पत्ती आणखी पसरवते.

सॉकेट ढिला आहे? बदला. इलाज एवढाच.

६. प्लग उघडून

प्लग हातात, भिंतीपासून दूर. साचेबंद प्लग उघडत नाहीत, त्यांचं टोक कापून चांगल्या प्रतीचा नवा प्लग लावावा लागतो. उघडणारा असेल तर आत चार गोष्टी बघा.

स्क्रू सैल आहे का. तारेचे काही धागे तुटलेत किंवा बाहेर राहिलेत का. स्क्रूखाली तारेवरचं प्लॅस्टिक चेपलं गेलंय का. आणि टोकाला सोल्डर लावलंय का.

सोल्डरबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण ते नीटनेटकं दिसतं आणि चांगले कारागीरही मोहात पडतात. धातू ताणाखाली सरकणार की नाही, हे त्याचं तापमान वितळणबिंदूच्या किती जवळ आहे यावर ठरतं, आणि हे मोजायचं केवल मापनावर, म्हणजे उणे २७३ अंशांपासून. तांबं वितळतं १३५८ केल्विनला. खोलीतलं ३०० केल्विन म्हणजे त्याच्या २२ टक्के. अणू जागचे हलत नाहीत. शिसं-कथलाचं नेहमीचं सोल्डर १८३ अंशांना, म्हणजे ४५६ केल्विनला वितळतं. त्याच्यासाठी साधी खोलीच ६६ टक्क्यांवर आहे! साधारण ४० टक्क्यांच्या पुढे धातू दाबाखाली सावकाश वाहायला लागतात. म्हणजे स्क्रूखालचं सोल्डर थंड असतानाही दबत जातं, स्क्रू न फिरताच सैल होतो. सोल्डर लावलेलं टोक कापून टाका, तार नव्यानं सोला, धागे पिळून किंवा दाबून बसवायची टोपी लावून स्क्रूखाली घ्या.

तार ठिसूळ झाली असेल, वाकवल्यावर वरचं आवरण तडकत असेल, किंवा तांबं आतपर्यंत काळं-हिरवं असेल तर चकचकीत तांबं मिळेपर्यंत मागे कापत जा. तापलेल्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड सुटतो आणि तो तांब्याला खातो. काळ्या तारेवर कितीही घट्ट स्क्रू आवळा, जोड चांगला होत नाही.

७. सॉकेटच्या मागे

इथून पुढे भिंतीतल्या वायरिंगचं काम आहे. यापूर्वी कधी केलं नसेल तर इथेच थांबा. तुमच्याकडे हे काम परवानाधारकानंच करावं असा नियम असेल तरी इथेच थांबा. करणारच असाल तर एमसीबी बंद, शक्य असेल तर मेनही बंद. टेस्टर आधी चालू जागी लावून तो पेटतो हे बघा, मग या सॉकेटवर लावा, मग परत चालू जागी. बिघडलेला टेस्टर आणि बंद लाइन दोन्ही सारखेच दिसतात.

मागचे स्क्रू बहुधा सैल मिळतात. कुणी आवळायला विसरलेलं असतंच असं नाही. अणूंमधलं आकर्षण-अपकर्षण दोन्ही बाजूंना सारखं नसतं: जवळ ढकलायला अवघड, दूर जायला त्यामानानं सोपं. म्हणून थरथर वाढली की अणूंमधलं सरासरी अंतर वाढतं, धातू प्रसरण पावतो. पितळ दर अंशाला लांबीच्या दशलक्षांश १९ भाग, तांबं १७, पोलादी स्क्रू १२. पितळ आणि पोलाद १० मिलिमीटर जाडीचे धरा आणि ६० अंशांनी तापवा, तर त्यांच्या वाढीत सुमारे ४ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फरक पडतो. ऐकायला क्षुल्लक. पण तापताना तांब्याचे धागे चेपले जातात, थंड होताना ती चेपलेली जागा भरून येत नाही. थर्मोस्टॅटचं उपकरण दिवसातून कित्येकदा बंद-चालू होतं, आणि प्रत्येक फेरीत दाब कणभर उतरतो.

स्क्रू आवळा, पण अंगातला सगळा जोर लावून नाही. अति आवळला तर धागे तुटतात आणि शिल्लक तांबं आणखी तापतं. सॉकेटवर किंवा त्याच्या कागदावर किती टॉर्क (आवळण्याचा जोर) हवा ते लिहिलेलं असेल तर तेवढाच. प्लॅस्टिक काळं पडलं असेल तर आवळण्यात अर्थ नाही. जळलेल्या प्लॅस्टिकचा कोळसा वीज वाहतो, पुसून तो जात नाही. सॉकेट बदला.

इथे हात लावू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा

- मागची तार ॲल्युमिनियमची आहे. ते हवेत येताक्षणी ऑक्साइडचा कठीण, वीज न वाहणारा थर धरतं. धातू ६६० अंशांना वितळतो, तो थर २००० च्या वर. शिवाय १०० अंशांना ॲल्युमिनियम आपल्या वितळणबिंदूच्या ४० टक्क्यांवर पोहोचतं, म्हणजे स्क्रूखालून सरकतं. त्याला खास जोडणी लागते, तांब्याबरोबर एका स्क्रूखाली तर ते कधीच घालायचं नाही.
- भिंत गरम लागतेय, किंवा वास बोर्डातून न येता भिंतीतून येतोय.
- मुख्य पॅनेलमधला एमसीबी किंवा त्याची तार गरम आहे.
- एका खोलीत उपकरण लावलं की इतर खोल्यांचे दिवे मंद किंवा उलट जास्त प्रखर होतात. मुख्य न्यूट्रल सैल असण्याची शक्यता असते, आणि हे त्याच दिवशी बघायचं काम आहे. मेन बंद ठेवा. दोष मीटरच्या पलीकडे असेल तर वीज पुरवणाऱ्या कंपनीला कळवा.
- उपकरणाच्या अंगाला हात लावला की झिणझिण्या येतात.
- तारेचं आवरण इतकं मागेपर्यंत जळलंय की कापल्यावर तार पुरत नाही. तिथे जोड देऊन लांबवू नका, भिंतीतली तार बदलावी लागेल.

बोलावलेल्या माणसाला "प्लग बदलून द्या" एवढंच सांगू नका. कुठली पिन काळी पडते, किती वेळानं तापते, कुठलं उपकरण, आधी काय बदललं, हे सांगा. फेजची पिन आणि न्यूट्रलची पिन यांतली एकच जळत असेल तर सॉकेटच्या आतला नेमका कुठला जोड बघायचा हे त्याला लगेच कळतं.

बदलल्यानंतर

प्लग आणि सॉकेट दोन्ही बदलून झाले की पहिल्या तपासणीसारखंच उपकरण पूर्ण लोडवर अर्धा तास चालवा. प्लग किंचित कोमट असणं चालतं, तो वायरपेक्षा फार वेगळा लागता कामा नये. आठवड्यानं आणि महिन्यानं पुन्हा बघा, कारण नव्या तारेचे धागे स्क्रूखाली पहिल्या काही फेऱ्यांत थोडे बसतात. भिंतीतला स्क्रू आवळायला जाल तेव्हा एमसीबी बंद करायला विसरू नका. दोन्ही बाजू नव्या, लोड मर्यादेत, स्क्रू घट्ट, आणि तरीही प्लग तापतोय, तर बहुधा उपकरणच ठरलेल्यापेक्षा जास्त करंट ओढतंय. तो करंट क्लॅम्प मीटरनं (तारेभोवती धरून करंट मोजणाऱ्या मीटरनं) मोजून घ्या आणि तोवर उपकरण वापरू नका.